सहीपुरते नागरिक

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. गेल्या तीन वर्षांत या महाविद्यालयात मी मित्रांच्या नावाने निदान दहा-बारा वेळा ‘हजर’ म्हटले आहे, आणि माझ्याही नावाने कोणी ना कोणी तितक्याच वेळा म्हटले असेल. मागच्या बाकावरून, मान खाली घालून, आवाज किंचित बदलून ‘येस सर’ म्हणण्याची ही विद्या आमच्यात परंपरेने चालत आलेली आहे. गुरुजनांना ती ठाऊक नाही असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. हा लेख वाचून हजेरी घेण्याची पद्धत बदलू नये, एवढीच त्यांना नम्र विनंती. कबुली देण्याचे कारण असे की, हीच विद्या मी एकदा गावाकडेही वापरली आणि तेथे ती फार महागात पडली. मला नव्हे, माझ्या काकूला.

आमचे गाव दुष्काळी पट्ट्यातले. मतदार सोळाशेच्या आसपास. गावठाणापासून दीड किलोमीटरवर माळावर एक वस्ती आहे, तेथे माझे काका-काकू राहतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी ओट्यावर बसलो असता ग्रामपंचायतीचे शिपाईमामा फटफटी लावून आले. काखेत लांबट निळ्या पुठ्ठ्याचे रजिस्टर होते. वडील शेतात गेले होते. ‘‘मग तूच कर की सही,’’ मामा म्हणाले, ‘‘औंदा मतदार झालास न्हवं?’’ नव्याने मतदार झालेल्याला आपल्या सहीला किंमत आहे हे ऐकून जो आनंद होतो, तो मलाही झाला. सही कशाची, असे मी विचारले खरे. पण पेन हातात घेऊन विचारले. ‘‘ग्रामसभेची. काल झाली न्हवं का,’’ एवढे उत्तर मला पुरले. काल सकाळी देवळाच्या भोंग्यावरून काही पुकारले होते हे मला अंधुक आठवत होते. त्या वेळी मी क्रिकेट खेळत होतो. सही केली. मामांनी चहा घेतला आणि ते पुढच्या घरी गेले.

पावसाळा संपता संपता कळले की, माळावरच्या वस्तीसाठी म्हणून जी पाण्याची टाकी मंजूर झाली होती, तिची जागा बदलून ती गावठाणात रस्त्याच्या कडेला बांधायचे ठरले आहे. ठराव मे महिन्याच्या ग्रामसभेत झालेला. ‘सर्वानुमते मंजूर.’ काकू हापशावरून पाणी आणते. हापसा उन्हाळ्यात कोरडा पडला की टँकरची वाट बघते. ती घरी आली, घागर उंबऱ्याजवळ टेकवली आणि मला म्हणाली, ‘‘तू होतास म्हणं सभेला. नाव हाय तुझं. मग बोलला का न्हाईस?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ‘पंचायत राज्याचे महत्त्व’ या प्रश्नाला मला चांगले गुण मिळालेले होते, ही गोष्ट तेव्हा आठवून लाजच वाटली. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उशिरा लिहिलेले उत्तर समजावा.

लोकशाहीवर संकट आले असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा आणीबाणी येते. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ हा काळ आमच्या पिढीने केवळ पुस्तकातून पाहिला. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी, विरोधी पुढारी तुरुंगात, आणि १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी घेतलेली निर्भय भूमिका, हे सारे आपण आदराने वाचतो. पण त्या संकटाला तारीख होती. ते घोषणा करून आले आणि मार्च १९७७ च्या निवडणुकीत सामान्य मतदारांनी ते मतपेटीतून परतवले. आमच्या गावातील ग्रामसभा कोणत्या तारखेला रिकामी झाली, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. तेथे कोणी सभाबंदी केली नव्हती. लोक आपण होऊन यायचे थांबले आणि त्यांच्या जागी त्यांच्या सह्या येऊ लागल्या.

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे, हा फरक आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. मलाही तो परीक्षेपुरताच ठाऊक होता. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच व सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. विधानसभेत बसायचे तर निवडून यावे लागते, ग्रामसभेत बसायला फक्त चालत जावे लागते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, या सभेला थेट संविधानात स्थान दिले. महाराष्ट्रात तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमापासूनच ती आहे. आजच्या कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सर्वसाधारणपणे प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन व गांधीजयंती या दिवसांच्या आगेमागे त्या होतात. सभेची सूचना सात दिवस आधी द्यावयाची असते. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पंचायतीचा जमाखर्च, पुढील वर्षाची कामे, योजनांचे लाभार्थी हे सारे या सभेपुढे यायचे असते.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर लागतात. आमच्या गावाच्या दृष्टीने म्हणजे १००. सोळाशेंतून शंभर! गावच्या जत्रेतील तमाशाला याच्या पाचपट माणसे जमतात. शंभर न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पण पुन्हा सूचना काढा, पुन्हा भोंगा लावा, हा खटाटोप कोणाला नको असतो, म्हणून रजिस्टरच घरोघर फिरते. त्यात सर्वांचीच सोय असते. पदाधिकाऱ्यांना सभा भरल्याचा पुरावा मिळतो आणि आपल्याला ओटा सोडावा लागत नाही. माझ्या ध्यानात आलेली कटू गोष्ट अशी की, यात कोणी माझी फसवणूक केली असे मला म्हणताच येत नाही. शिपाईमामांनी सभा काल झाल्याचे सांगितले होते. मी नव्हतो हे मला ठाऊक होते. खोटे बोललो तो मी.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असा इशारा दिला होता की, संविधान कितीही उत्तम असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईट ठरेल. हे वाक्य निबंधात लिहिताना ‘राबवणारे’ म्हणजे मंत्री, सचिव, न्यायाधीश अशी आपली सोयीस्कर समजूत असते. ओट्यावर बसून पेन हातात घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगाही त्या शब्दात मोडतो, हे मला काकूच्या घागरीने शिकवले.

खोट्या हजेरीचा विषय निघाला की राजस्थानातील मजुरांची गोष्ट सांगावीच लागते. हजेरीपट हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली तेव्हा खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी याच कागदावर ठरत असे. राजस्थानातही दुष्काळी कामांवर असेच हजेरीपट असत, आणि मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नसे. हिशेब विचारला तर हजेरीपट सरकारी गुपित ठरे. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने एक साधी युक्ती केली. हाती लागलेले कागद गावात, मांडवाखाली, सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावयाचे. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना या गावी अशी पहिली जनसुनावणी झाली. अशा सुनावण्यांतून कागदावरचे मजूर आणि प्रत्यक्षातले मजूर यांची गाठ पडू लागली. कामावर कधी न गेलेल्यांची नावे, हयात नसलेल्यांची नावे, कागदावर पूर्ण झालेली पण जमिनीवर नसलेली बांधकामे. वाचणारा वाचत होता आणि ऐकणारे सांगत होते. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर शहरात या मागणीसाठी चाळीस दिवस धरणे झाले. त्यातूनच माहितीच्या अधिकाराच्या मागणीला देशभर बळ मिळाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली राज्याचा कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम देशात पूर्णपणे लागू झाला. एवढा मोठा कायदा शेवटी कशातून उगवला? आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते बघू द्या, एवढ्या मागणीतून.

मीही तेच मागायचे ठरवले. काकूच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी आपण नेमकी कशावर सही केली ते तरी पाहावे, असे वाटले. महाराष्ट्रात यासाठी ‘जोडपत्र अ’ नावाचा छोटासा अर्ज असतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फीचे तिकीट लावायचे, कोणत्या काळातली कोणती माहिती हवी ते एका विषयापुरते थोडक्यात लिहायचे आणि पोच घ्यायची. पोच घ्यायला विसरू नये. अर्जापेक्षा पोचच अधिक कामाची. माहिती का हवी, याचे कारण सांगावे लागत नाही. मला ते तोंडी तीन वेळा विचारण्यात आले, ही गोष्ट वेगळी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते, आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

मला अपिलाची वेळ आली नाही. ग्रामसेवकांनी, आमच्याकडे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, सत्ताविसाव्या दिवशी नऊ पानांच्या प्रती दिल्या. पानाला दोन रुपये, म्हणजे अठरा रुपये झाले. त्यांत मी त्रेसष्टाव्या क्रमांकावर होतो. अक्षर माझेच, शंकेला जागा नव्हती. एकशे चार सह्या होत्या. त्यांतल्या माझ्या ओळखीच्या पस्तीस-चाळीस जणांना मी विचारले. सभेला खरोखर गेलेले सात निघाले. टाकीच्या ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता, आणि ‘तांत्रिक अडचणीमुळे जागा बदलणे आवश्यक’ असे कारण होते. ती अडचण कोणती, याविषयी चकार शब्द नव्हता. विचारायला तेथे कोणी हजरच नव्हते.

यापुढे काही पराक्रम घडला असे वाचकांनी समजू नये. काकूने वस्तीवरच्या अकरा बायका गोळा केल्या आणि पुढच्या महिला ग्रामसभेला ती गेली. आजवर ही सभा बहुतेक कागदावरच भरत असे. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या, म्हणून बायका पंचायतीच्या पायऱ्यांवर बसल्या. वस्तीसाठी नळाची वाहिनी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घ्यावी, एवढा एकच ठराव त्यांनी मांडला. ‘लिहून घेतो’ असे उत्तर मिळाल्यावर काकू म्हणाली, ‘‘लिवा की. आम्ही बसलोय.’’ लिहून होईपर्यंत, आणि लिहिलेले वाचून दाखवीपर्यंत त्या उठल्या नाहीत. मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच वाटते. सभेत जाणे, बोलणे हे ठीकच. पण आपण बोललो ते इतिवृत्तात उतरले की नाही हे पाहिल्याशिवाय न उठणे हे त्याहून मोलाचे आहे. तीन महिन्यांनी कोणाला आपले भाषण आठवत नाही, कागद मात्र राहतो.

मुख्य ग्रामसभेला चाळीसेक माणसे आली. गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला साठ-पासष्ट जण होते. मी उभा राहून टाकीविषयी विचारले तेव्हा माझा आवाज कापत होता. महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत कापला नव्हता. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, ‘‘कालपर्यंत नाक पुसत होता, आता हिशेब विचारतोय.’’ सगळे हसले, मीही हसलो. पण खाली बसलो नाही, एवढेच काय ते श्रेय. टाकीचे काम तोवर निम्मे झाले होते, ती काही परत माळावर गेली नाही. वस्तीच्या वाहिनीचे काम आराखड्यात आले आहे, परंतु हा लेख लिहीपर्यंत ते सुरू झालेले नाही. माझ्या वडिलांचे आणि उपसरपंचांचे वर्षानुवर्षांचे चहापाणी मात्र बंद पडले. गावात लोकशाहीची किंमत ही अशी चुकवावी लागते. शेजारच्या माणसाला प्रश्न विचारणे हे दिल्लीतल्या माणसाला शिव्या देण्याइतके सोपे नसते.

‘सर्वानुमते’ हा शब्द आमच्या इतिवृत्तात छापील असल्यासारखा येतो. त्याच शब्दाचा खरा अर्थ पाहायचा तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या छोट्याशा गावाकडे पाहावे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. घोषणेपेक्षा त्यांची रीत मला अधिक शिकण्यासारखी वाटते. तेथे ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. विषय समजावा म्हणून गावात अभ्यास गट चालतात. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासू सोबती यांनी ही सवय वर्षानुवर्षे जोपासली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याच्याच हाती राहिले, तेव्हा गावाने आपला आग्रह सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ते परवाने ग्रामसभेच्या स्वाधीन केले. कायदा आमच्या गावालाही असतो आणि मेंढ्यालाही. मेंढ्याला माणसे बसतात आणि आमच्याकडे रजिस्टर फिरते, इतकाच फरक.

शहरातील मित्र म्हणतील, हे सारे खेड्याचे झाले. त्यांची स्थिती आमच्याहून बिकट आहे. खेड्यात रिकामी का होईना सभा आहे. शहरात सामान्य मतदाराने जाऊन बसावे अशी जागाच सहसा नसते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. राज्यातील इतर अनेक महानगरपालिका व जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. न्यायालयातील आरक्षणाचा वाद वगैरे कारणे त्याला होती. पण मला नवल वाटले ते याचे की, माझ्या शहरी नातलगांपैकी अनेकांना आपल्या प्रभागाला नगरसेवक उरलेला नाही, ही गोष्टच ठाऊक नव्हती. कचऱ्याची गाडी येत होती, म्हणजे सारे ठीक चालले होते!

आता मतदारयादी. हाही एक हजेरीपटच. मागच्या निवडणुकीपूर्वी मी सहज आमच्या भागाची यादी चाळली, तर आजीचे नाव ‘मयत’ म्हणून वगळलेले, आणि सहा वर्षांपूर्वी वारलेले थोरले चुलते यादीत मात्र ठणठणीत. आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मेल्यावर बी रेशन मिळतंय, हे बरं हाय.’’ घरात हशा पिकला. परंतु मी चाळली नसती तर आजी मतदान केंद्रावर जाऊन परत आली असती आणि ‘सरकारचा गोंधळ’ म्हणून आपण विषय सोडून दिला असता. नाव घालण्यासाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी नमुना ८. अर्ज साधे आहेत. आमच्या यादीचे काम पाहणाऱ्या अंगणवाडीसेविका दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, त्यांनी दहा मिनिटांत समजावून दिले. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले, ते आमच्या वयाच्या मुलांसाठी. २०२२ पासून तर वर्षातून चार तारखांना, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबरला, अठरा पूर्ण करणाऱ्यांना नाव घालता येते. इतके असून आमच्याच वर्गातील कित्येकांची नावे अद्याप यादीत नाहीत. ‘रील’ला किती पसंत्या मिळाल्या हे त्यांना तोंडपाठ असते.

यादीत नाव असणे ही किती कष्टाने मिळालेली गोष्ट आहे, हे पहिल्या निवडणुकीच्या इतिहासावरून कळते. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी याद्या करताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असे सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी न स्वीकारण्याचा निर्णय घेतला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत नाव सांगायला हवे, हे घरोघर पोचले. आजीचे नाव यादीत परत आले तेव्हा मी तिला ही हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की, तिच्या आईचे नाव तिने कोणाच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते.

मतदानाच्या दिवशीची एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. केंद्रावर गेल्यावर आपल्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेल्याचे कळले, तर मुकाट परत फिरू नये. ओळख पटवून दिल्यावर मतदान केंद्राध्यक्षाकडून प्रदत्त मतपत्रिका मागता येते. हे मत कागदावर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निवडणुकीचा वाद न्यायालयात गेला तर ते पुरावा म्हणून बोलू शकते. पुन्हा तेच: मी आलो होतो, याची नोंद.

आणखी एक सही आपण दिवसातून कितीतरी वेळा करतो, फक्त तिला सही म्हणत नाही. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर न वाचता, न पडताळता पुढे ढकलणे ही त्या मजकुराखाली केलेली सहीच होय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ती अफवा भ्रमणध्वनींवरून कित्येक दिवस फिरत होती. त्या माणसांना ज्या खोलीत कोंडून मारले, ती ग्रामपंचायतीची खोली होती. ज्या जागी माणसांनी बसून, बोलून, एकमेकांचे ऐकून घेऊन निर्णय करायचे, त्याच जागी हे घडले. हे लिहितानाही हात थांबतो. अफवा पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी कोणाचे नाव त्या प्रकरणाच्या कोणत्याही कागदावर नसेल. घरच्या गटात काकांनी पाठवलेल्या मजकुराला ‘हे कुठून आले?’ असे विचारणे अवघड जाते, मान्य आहे. मी विचारतो, तेव्हा काका रागावतात. पण अलीकडे पाठवण्यापूर्वी ते मला फोन करून विचारू लागले आहेत.

गेल्या महिन्यात सुट्टीला गावी गेलो होतो. शिपाईमामा ओट्यावर आले, काखेत निळे रजिस्टर. माझ्याकडे पाहून त्यांनी ते उघडलेच नाही. ‘‘तू न्हाई करायचास,’’ म्हणाले, ‘‘परवा सभेलाच ये.’’ आईने चहा टाकला. ते बसले, पाणी कधी येते वगैरे चौकशा झाल्या. पुढच्या घरी ते गेले तेव्हा मी ओट्यावरून पाहत होतो. शेजारच्या वहिनींनी रजिस्टर हातात घेतले, मागची पाने उलटली, आणि आतून चष्मा आणायला मुलाला पाठवले.